आधी अर्ज, मग पोस्टर: पहिलं पेटंट घेणाऱ्यांसाठी

अंतिम वर्षाचा प्रकल्प असो की वर्कशॉपमध्ये उभं केलेलं यंत्र, आपल्याकडचा क्रम ठरलेला असतो. आधी स्पर्धा, मग शोधनिबंध, मग यूट्यूबवर व्हिडिओ, आणि शेवटी कुणीतरी ‘याचं पेटंट घ्या की’ म्हणतं तेव्हा धावपळ. हा क्रम उलटा करा. बाकीचं नंतर दुरुस्त करता येतं, हे येत नाही.

पेटंट कायदा, १९७० प्रमाणे शोध नवा हवा. म्हणजे अर्जाच्या तारखेआधी तो जगात कुठेही छापलेला किंवा वापरात आलेला नको. छापणारे तुम्ही स्वतःच होतात, ही सबब चालत नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ‘आमच्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हळद लावतात’ एवढं सांगून भागलं नाही. जुने छापील संदर्भ पुढे ठेवावे लागले, त्यात १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय जर्नलमधला लेखही होता. जो नियम तिथे आपल्या बाजूने लागला, तोच उद्या तुमच्या शोधनिबंधाला लागतो.

‘आधी जाहीर केलं तरी अर्जाला बारा महिन्यांची सवलत असते ना?’ असते, पण फार अरुंद. कलम ३१ मध्ये सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्‌सभेपुढे वाचलेला निबंध बसतो. कॉलेजचा टेकफेस्ट बसत नाही. पैसे भरून छापलेलं जर्नल तर नाहीच. युरोपात सवलत याहून कडक आहे. प्रबंध ग्रंथालयात किंवा शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) गेला की तोही प्रसिद्धच धरा. बंद खोलीतल्या तोंडी परीक्षेची भीती नको, मात्र बाहेरच्या परीक्षकाकडून गोपनीयतेच्या कागदावर सही घ्या. शेतीयंत्राची चाचणी उघड्यावरच घ्यावी लागते, त्यासाठी कलम ३२ आहे. ते फक्त गरजेपुरत्या चाचणीला आणि अर्जाआधीच्या एका वर्षापुरतं. चाचणीच्या नावाखाली दोन यंत्रं विकलीत तर ती चाचणी राहिली नाही.

यावर उपाय स्वस्त आहे: शोधाचं वर्णन करणारं तात्पुरतं विवरणपत्र, म्हणजे प्रोव्हिजनल. ते दिलं की त्यात लिहिलेल्या गोष्टींना अर्जाची तारीख मिळते. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, इतरांना ८,०००. लघुउद्योगाने फॉर्म २८ सोबत उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचं. दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ती वाक्यं, लिहावे लागत नाहीत. पूर्ण विवरणपत्र १२ महिन्यांत द्यायचं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिल्यासारखा.

आता दुसरा खड्डा. तो या स्वस्ताईतच दडलेला आहे. समजा, कांद्याची रोपं लावणारं यंत्र आहे. घाईने दीड पानात लिहिलं, ‘फिरत्या चाकावरच्या पकडी रोप धरून मातीत सोडतात’. तारीख मिळाली म्हणून निर्धास्त होऊन सहाव्या महिन्यात निबंध छापला. त्यात पकड नेमक्या क्षणी उघडणारा कॅम (फिरताना दुसरा भाग ढकलणारी उंचवट्याची चकती) आला, आणि खरी अक्कल त्या कॅममध्येच आहे. बाराव्या महिन्यात पूर्ण विवरणपत्रात कॅमवर दावा केला. पण आधीच्या दीड पानात कॅमचा मागमूस नाही, म्हणून त्या दाव्याला जुनी तारीख मिळत नाही, पूर्ण विवरणपत्राची मिळते. मधल्या काळात छापलेला तुमचाच निबंध आडवा येतो. म्हणून प्रोव्हिजनलमध्ये सगळं ओता: आकृत्या, भागांची जोडणी, कॅमचा आकार, पकडीचा कोन, दोन ओळींत १५ आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर कसं साधलं, ते कमीजास्त कसं करायचं, कॅमऐवजी स्प्रिंग लावली तर काय. भाषा ओबडधोबड चालेल, तपशील गाळलेला चालणार नाही. नंतर सुधारणा सुचली तर छापण्याआधी आणखी एक प्रोव्हिजनल टाका. पहिल्यापासून १२ महिन्यांच्या आत दोन्ही मिळून एकच पूर्ण विवरणपत्र देता येतं.

शोध नवा आहे का, हे आधी बघा. पेटंट शोधायच्या वेबसाइटी फुकट आहेत: भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास, युरोपची एस्पासनेट आणि गूगल पेटंट्स. नुसत्या शब्दांनी शोधू नका, पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा. रोप लावणीची यंत्रं ए०१सी ११ मध्ये असतात. ‘ट्रान्सप्लांटर’ हा शब्दही न वापरलेली पेटंटं तिथे सापडतात.

मार्गदर्शकांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. ज्याने कल्पनेत भर घातली तो शोधक. सही केली, लॅब दिली, विभागप्रमुख आहेत, म्हणून कुणी शोधक होत नाही. मालकी हा वेगळा प्रश्न आहे. कॉलेजच्या बौद्धिक संपदा धोरणात ती कुणाकडे जाते, हे प्रवेश घेतानाच वाचा. नोकरीत असाल तर नेमणूकपत्रातलं कलम वाचा. आणि ‘पेटंट पब्लिश करून देतो, आठ जणांची नावं’ अशी पॅकेजं विकणाऱ्यांपासून लांब राहा. अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, फॉर्म ९ भरला तर लवकर. त्यात तपासणी काहीच नसते. ब्रिटनमधल्या डिझाइन नोंदणीला पेटंट म्हणून मिरवणं तर निव्वळ फसवणूक. मंजूर नसताना यंत्रावर ‘पेटंटेड’ छापलंत तर कलम १२० खाली दंड आहे, ‘पेटंट प्रलंबित’ लिहा.

परीक्षणासाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, आपोआप काही होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना सर्वात आधीच्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांची मुदत आहे, वर १,६०० रुपये शुल्क सांगितलेल्या गटाला याचं शुल्क ४,०००. मग पहिला परीक्षण अहवाल येतो आणि नवख्यांचे हातपाय गळतात, कारण त्यात ‘नावीन्य नाही’, ‘कल्पकता नाही’ असं ओळीने लिहिलेलं असतं. घाबरू नका, असा अहवाल जवळजवळ प्रत्येकाला येतो. उत्तराला सहा महिने असतात, फॉर्म ४ भरून आणखी तीन मिळतात. परीक्षकाने दिलेला प्रत्येक जुना दस्तऐवज आकृत्यांसह वाचा, आपल्या दाव्यातला कोणता भाग त्यात नाही ते शोधा, आणि दावा त्या भागापुरता अरुंद करा. मूळ विवरणपत्रात नसलेलं मात्र आता घुसवता येत नाही.