जुन्या पद्मिनीचा तळ: इंजिनाआधी पत्रा

प्रीमियर पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही; बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी घरी करायला घेतलीत, तर इंजिन खोलायची घाई नको.

सीट आणि मॅट बाहेर काढा. पायाखालचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरे आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं की तो पत्रा संपला. वरून रंग छान, पण चुंबक चिकटत नाही, तिथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापलेली असते. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर नव्या पत्र्याचीही तीच गत.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर घ्या आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. उंबरा एका वेळी एकाच बाजूचा कापायचा. दोन्ही एकदम कापले की बॉडी मधोमध खचते, मग दारं काही केल्या बसत नाहीत. चासी नसली तरी चासी नंबर असतोच. तो कोरलेल्या जागेवर ग्राइंडर नको, आरटीओत नाकी नऊ येतील.

गंजाच्या पलीकडे 25 मिमी चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. पुठ्ठ्याचा साचा करून 0.9 मिमी सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा घ्या. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) नको, जस्ताचा धूर विषारी. रॉडच्या वेल्डिंगने भोकं पडतात. सीओटू मशीनवर (वायर आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन) 0.8 मिमी वायर लावा. वेल्डिंगचे टाके 30 मिमीवर, एक इकडे, एक तिकडे. सलग ओढलं तर पत्रा पापडासारखा वाकडा होतो.

बारीक खड्ड्यांतल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावा, पण नंतर धुऊन पूर्ण सुकवा. आम्ल उरलं तर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. पावसाळी ओलीत, गणेशचतुर्थीच्या आधी, रंगकामाला हात घालू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार गाठा आणि घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा. लांबी त्याच्यावर, कारण ती पाणी शोषते. खालून गंजावरच डांबरी कोट मारणं म्हणजे ओल आत कोंडणं.

शेवटी उंबऱ्यांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा. दुसऱ्या दिवशी पाणी निथळायच्या तळाच्या भोकांत तार घालून पाहा; वॅक्सने ती बुजलेली असतात.