वेली गुलाब फुलत नाही? या चुका टाळा

"वेल गच्चीला टेकली, पण फुलं शेंड्याला दोनच." पुण्यात दर हिवाळ्यात हे गाऱ्हाणं माझ्या कानावर येतं. फांद्या कशा बांधल्यात असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: सरळ वर.

वेली गुलाबाला कृष्णकमळासारखे ताणे नसतात. काट्यांनी तो जेमतेम अडकतो, बाकी आपणच बांधायचा. फांदी उभी राहिली की शेंड्यातलं संजीवक (वाढीचं हार्मोन) खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, दाबून धरतं. तीच आडवी केली की डोळ्याडोळ्यातून वीतभर फुटवे उठतात, आणि फुलं येतात ती त्यांच्यावर. जून फांदी जबरदस्तीने वाकवली तर काडकन मोडते, म्हणून पेन्सिलीएवढी असतानाच मी ती दर आठवड्याला थोडी थोडी झुकवते. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, त्याही सैल. तार नकोच, फांदी जाड झाली की ती सालीत रुतते.

दुसरी चूक छाटणीची, आणि ती मला फार लागलेली आहे. माझा 'क्लाइंबिंग पीस' तीन वर्षांचा झाला होता. ही जात मुळातच फुलायला वेळ घेते. त्या वर्षी पहिल्यांदा आडव्या फांद्यांवर डोळे टपोरलेले दिसत होते. ऑक्टोबरात मी चार दिवस गावाला गेले. परतले तर गुडघ्याएवढे सोटे उभे! माळीदादांनी बाकीच्या गुलाबांबरोबर यालाही कात्री लावली होती. त्यांची चूक नाही, सांगून जायला हवं होतं मी. पण नुसता हंगाम गेला नाही. 'पीस' मूळचा झुडपी. त्याच्याच एका फांदीत आपसूक बदल होऊन ही वेल निघाली. अशा जाती खोल छाटल्या तर पुन्हा झुडपावर जाऊ शकतात. माझा गेला. कमरेच्या वर तो परत कधी चढलाच नाही.

म्हणून पहिली दोन वर्षं वाळलेल्या काड्यांपलीकडे काही कापू नका. पुढेही लांब फांद्या ठेवायच्या. फुलून गेलेले आडवे फुटवे तेवढे दोन-तीन डोळ्यांवर आणायचे. घाई असेल त्यांनी शेवंती लावावी.

वेल अचानक जोमाने वाढली तर आनंदाआधी बुडाची माती उकरून बघा. डोळा भरलेली गाठ म्हणजे रानटी खुंटावर आपल्या गुलाबाचं कलम बांधलेली जागा; तिच्या खालून कोंब निघाला असेल, तर ती वाढ त्या खुंटाची. तो कापू नका, मुळाशी धरून ओढून काढा. कापलेला दुप्पट फुटतो.

युरिया टाकलात तर पानंच मिळतील. मी शेणखत आणि निंबोळी पेंडीवर भागवते.

संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. रात्रभर ओली राहिली, की काळे ठिपके आलेच.