तैनातीवर पाय जपा, स्वतःचे आणि जोडीदाराचेही

परदेशातल्या तैनातीवर गस्तीहून परतलं की आधी शस्त्र साफ, मग पाय, जेवण त्यानंतर. पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा. ओल तिथेच राहते आणि बुरशी धरते. पावडर अगदी पातळ लावा. जास्त झाली तर घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच कातडी घासतात.

टाच आणि तळवा स्वतःला नीट दिसत नाही, म्हणून टॉर्च जोडीदाराच्या हातात द्या. लालसर, गरम लागणारी जागा दिसली की लगेच टेप लावा. पुढे तिथेच फोड येतो. आलाच, तर वरची कातडी सोलू नका. मधे भोक पाडलेली जाड पट्टी फोडाभोवती बसवा, म्हणजे दाब त्याच्यावर येत नाही. जोडीदाराचा पाय पांढरट, बधिर वाटला, तर तो कितीही नको म्हणाला तरी वैद्यकीय सहायकाला सांगाच. यात चुगली कसली?

बूट शेकोटीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दुसरा ज्याचे भिजलेत त्याच्यासाठी.