सीए इंटरचे जुने पेपर सोडवताना या चुका टाळा

सीए इंटर, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याची परीक्षा, दोन महिन्यांवर आली की बेळगावातल्या झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगला गर्दी होते. मुलगा खानापूरचा असो, निपाणीचा असो की इथला शहापूरचा, काखेत तोच जाडजूड गठ्ठा: मागच्या सगळ्या अटेम्प्टचे पेपर, उत्तरांसकट. सोडवा, जरूर सोडवा. पण त्याच त्या चुका दर बॅचला बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पेपर कुठल्या स्कीमचा (म्हणजे अभ्यासक्रमाचा) आणि कुठल्या सालच्या कायद्यावरचा, हे न बघता सुरुवात करणं. खानापूर भागातला एक मुलगा संध्याकाळच्या बॅचला यायचा, दिवसा गणपत गल्लीत एका दुकानाचे हिशेब लिहायचा. कष्टाळू होता. पहिल्याच दिवशी छाती फुगवून म्हणाला, "सर, आठच्या आठ पेपर दोन-दोनदा सोडवलोय." मी म्हटलं, आठ? अरे, इंटरला पेपर सहा! मे २०२४ च्या परीक्षेपासून नवी स्कीम लागू झाली आणि आठाचे सहा झाले. याच्याकडे आतेभावाचा जुना गठ्ठा. त्यात ईआयएसची (एंटरप्राइज इन्फर्मेशन सिस्टिम्स या विषयाची) उत्तरं पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, इकॉनॉमिक्सही पाठ. दोन्ही विषय इंटरच्या पेपरातून कधीच गेलेले. रात्री जागून केलेली ती मेहनत पाण्यात.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. टॅक्समध्ये पगारदार माणसाचं उत्पन्न काढायला दिलं. अक्षर मोत्यासारखं, मांडणी सुरेख, आणि ८०सी ची (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीवरची) दीड लाखाची वजावट थेट वजा. मी काट मारली तर हिरमुसला. "उत्तरात असंच हाय की ओ सर." आहेच की. त्या सालासाठी ते बरोबरच होतं. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी करप्रणाली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) हीच डिफॉल्ट झाली. करदात्याने जुनी निवडली असं प्रश्नात म्हटलं नसेल, तर ८०सी ला हात लावायचा नाही. पुढच्याच वर्षी नव्या प्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० चं ७५,००० झालं. २३ जुलै २०२४ पासून लिस्टेड शेअरवरचा अल्पकालीन नफ्याचा दर १५ वरून २० टक्क्यांवर गेला, दीर्घकालीनचा १० वरून साडेबारावर. आणि १ एप्रिल २०२६ पासून तर १९६१ चा कायदाच जाऊन २०२५ चा लागू. कलमांचे आकडे बदलले, 'आकारणी वर्ष' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. अशात जुनं उत्तर पाठ करणं म्हणजे स्वतःच्या हाताने मार्क घालवणं.

माझी सवय सांगतो. गठ्ठा हातात आला की प्रत्येक पेपरच्या माथ्यावर लाल पेनाने स्कीम आणि कायद्याचं साल लिहायचं. आपल्या अटेम्प्टला कुठल्या तारखेपर्यंतचे बदल धरलेत, हे इन्स्टिट्यूटच्या (परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयच्या) सूचनेत आधी बघायचं, आरटीपी (तिचीच सरावाची रिव्हिजन टेस्ट पेपर पुस्तिका) वाचायची, आणि मगच पेपर. टॅक्सचा जुना प्रश्न ठेवायचा, उत्तर फेकायचं, आजच्या कायद्याने स्वतः पुन्हा करायचं. कॉस्टिंग आणि एफएमची (फायनान्शियल मॅनेजमेंटची) गणितं एवढी शिळी होत नाहीत, तिथे जुना गठ्ठा खुशाल वापरा.

दुसरी चूक माझ्या विशेष डोक्यात जाते. प्रश्न डावीकडे, उत्तर उजवीकडे, मध्ये चहाचा कप, आणि याला म्हणायचं पेपर सोडवणं! नजर उत्तरावर फिरते, मान हलते, "येतंय सर" म्हणतात. कोरा कागद पुढे केला की अमाल्गमेशनमध्ये (कंपन्यांच्या विलीनीकरणात) परचेस कन्सिडरेशनलाच, म्हणजे मोबदल्याची रक्कम काढतानाच गाडी अडते. मी उत्तरांची पानं वेगळी काढायला लावतो आणि घरी आईकडे ठेवायला सांगतो. तीन तास संपल्याशिवाय मागायची नाहीत. आया या बाबतीत क्लासवाल्यांपेक्षा कडक असतात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. १८० मिनिटांत १०० मार्क, म्हणजे १४ मार्कांच्या प्रश्नाला २५ मिनिटं. इन्स्टिट्यूटच्या सजेस्टेड आन्सर्समधली (नमुना उत्तरांमधली) पान-दीड पानाची उत्तरं तेवढ्यात लिहून होत नाहीत. ती बघून मुद्दे उचला, वाक्यं घोकू नका.

जीएसटीच्या प्रश्नात राज्यांची नावं वाचून सोडून देऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग पलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलं तरी राज्य बदलतं आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो. रोज हे डोळ्यांसमोर असलेली आपली मुलं पेपरात मात्र "जवळच आहे" म्हणून एकाच राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावून येतात. कमाल आहे.

वर्किंग नोट्स रफमध्ये ठेवू नका. स्टेपला मार्क असतात.

एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) "शेवटी बघू" म्हणून सोडू नका, ३० मार्क आहेत. इंटरला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी गोळे रिकामे ठेवून येणारे महाभाग मी बघितलेत.

आवडत्या विषयाचेच पेपर सोडवणं बंद करा. प्रत्येक पेपरात ४० हवेत आणि ग्रुपला (तीन पेपरांच्या गटाला) ३०० पैकी १५०. अकाउंट्समध्ये ७० आणि लॉमध्ये ३८ असेल तर ग्रुप गेलाच म्हणून समजा.

व्हॉट्सॲपवरच्या "नक्की येणाऱ्या" प्रश्नांच्या याद्या मला पाठवू नका. पहिली चाचणी द्यायच्या आत "सर, इम्पॉर्टंट तेवढं सांगा" म्हणणाऱ्याला मी सरळ आरटीपी हातात देतो. बहुतेक जण परत येत नाहीत.

अलीकडचे दोन पेपर सुरुवातीला फोडू नका. शेवटच्या महिन्यासाठी राखा, आणि दुपारी दोन ते पाच याच वेळेत, जेवून आल्यावर सोडवा. रात्री अकराला ताजंतवानं डोकं चालणाऱ्यांना दुपारी तीनला पेंग येते, हे परीक्षा हॉलमध्ये कळून उपयोग नाही.