लांबच्या स्थलांतरासाठी छोटा ट्रेलर तयार करताना

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवताना काही कुटुंबे मोठे सामान मूव्हर्सकडे सोपवतात आणि उरलेले आपल्याच गाडीमागे पाच बाय आठ फुटांचा उघडा ट्रेलर जोडून नेतात. एरवी हा ट्रेलर परसात पडून असतो आणि वर्षातून काही वेळा माती, लाकडे किंवा जुने फर्निचर वाहतो. न्यू जर्सीतील एडिसनहून टेक्सासमधील डॅलसला जायचे, तर आय-८१, आय-४० आणि आय-३० या मार्गांनी सुमारे दीड हजार मैल पडतात, आणि गावातल्या गावात कधीच जाणवला नसता असा दोष एवढ्या अंतरात हमखास डोके वर काढतो. सामान बांधण्याची घाई सगळ्यांनाच असते. पण तयारीचा सर्वाधिक वेळ चाकांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

टायर वरून चांगला दिसतो म्हणून त्यावर विसंबू नये. ट्रेलर फारसा चालत नसल्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते, मात्र उन्हाने आणि वयाने रबर आतून कमकुवत होत जाते. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. तेथे ३२१७ असेल, तर तो टायर २०१७ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला आहे. सहा वर्षांहून जुना किंवा बाजूला बारीक भेगा पडलेला टायर अशा प्रवासाआधी बदललेलाच बरा. नवा घेताना ट्रेलरसाठीचा, म्हणजे ‘एसटी’ अक्षरांचा टायर घ्यावा आणि त्याची वेगमर्यादा पाहावी. अनेक एसटी टायरांना ती ताशी ६५ मैल असते. हवा टायर थंड असतानाच भरावी. सुटे चाक बरोबर हवेच, कारण गाडीचे सुटे चाक ट्रेलरला सहसा बसत नाही. गाडीतला जॅक ट्रेलरखाली नीट लागतो का, हेही घरीच पाहून ठेवावे.

त्यानंतर बेअरिंग, म्हणजे चाक आसावर सहज फिरू देणारे रोलरांचे कडे. गाडीला जोडलेल्या ट्रेलरच्या दुसऱ्या चाकाला अडण लावून एक बाजू उचलावी, आसाखाली भक्कम स्टँड द्यावा आणि चाक हाताने फिरवावे. खरखर ऐकू आली, किंवा चाक वर-खाली धरून हलवल्यावर ते खेळते आहे असे जाणवले, तर हब, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतात तो चाकाचा मधला भाग, उघडावाच लागतो. शेवटचे ग्रीस कधी भरले हे आठवत नसेल, तरीही उघडावा. टोपी, नट जागेवर अडवणारी कॉटर पिन आणि नट काढून दोन्ही बेअरिंग बाहेर घ्यावेत, जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढावे आणि रोलर उजेडात धरून पाहावेत. त्यांवर खड्डे किंवा तापल्याची निळसर झाक दिसली, तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची कडी दोन्ही बदलावीत. नवे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कडा त्यात दाबत राहावी, म्हणजे ते रोलरांमधून दुसऱ्या बाजूने बाहेर येते. आतले सील आणि कॉटर पिन नवीनच घालावी. हब फिरवत नट आवळावा, मग सैल करून बोटांनी बसेल एवढाच ठेवावा. तो जास्त घट्ट राहिला, तर बेअरिंग तापतो.

दिवे लागत नसतील, तर आधी पांढरी तार तपासावी. ती चौकटीला जेथे जोडलेली असते तेथे गंज धरतो आणि बरेचसे बिघाड तिथेच सापडतात. गाडीमागच्या हिचवरील, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जोडावरील, बॉलचा व्यास आणि त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरवर कोरलेले माप एकच असले पाहिजे, आणि सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींवर तिरप्या घ्याव्यात.

आता वजन. ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन २,९९० पौंड लिहिलेले असले, तरी त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही आले. तो ८०० पौंडांचा असेल, तर सामानासाठी २,१९० पौंडच उरतात. गाडीची ओढण्याची मर्यादा पाटीवरच्या २,९९० पौंडांहून कमी असेल, तर तीच पाळावी. सुमारे ६० टक्के भार आसाच्या पुढे ठेवावा. पुस्तकांची खोकी, वेट ग्राइंडर आणि पितळेची भांडी तळाशी, आसाच्या किंचित पुढे असावीत. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, म्हणजे भरलेला ट्रेलर १,८०० पौंडांचा असेल, तर १८० ते २७० पौंड. ट्रेलर समपातळीत ठेवून, चाकांना अडण लावून, कपलरखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला की हा आकडा घरीच मिळतो. भार कमी निघाला, तर सामान पुढे सरकवावे. मागे जड झालेला ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि गाडीलाही खेचतो.

ताडपत्री केवळ तिच्या कड्यांवर बांधली, तर वाऱ्याने फाटते. तिच्यावरून जाळी आणि रॅचेट पट्टे घ्यावेत, आणि गादी कितीही हलकी वाटली तरी तिला स्वतंत्र पट्टा बांधावा.

चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, ट्रेलरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत आणि चाक काढले असेल, तर १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासावेत. प्रत्येक थांब्यावर हाताचा मागचा भाग दोन्ही हबांजवळ नेऊन पाहावा. ते कोमट असणे स्वाभाविक आहे. पण एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला, तर तो बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय ट्रेलर पुढे नेऊ नये.