कॅप्टॉनवर लेझरने ग्राफीनच्या रेषा

सर्किट छापायला शाई लागतेच असं नाही. कॅप्टॉन या पिवळसर-नारिंगी पॉलिइमाइड (उष्णता सोसणारं प्लास्टिक) फिल्मवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला की त्या जागी सच्छिद्र ग्राफीन, म्हणजे कार्बनचं एक रूप, तयार होतं आणि त्यातून वीज वाहते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या चमूने हे 2014 मध्ये दाखवलं. ॲक्रिलिक कापायचं साधं लेझर कटरही चालतं.

फिल्म 125 मायक्रॉनची घ्या. कॅप्टॉनची चिकटटेप नको, तिचा गोंद उगाच घोळ घालतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून फिल्म काचेवर ताणून बसवा. सुरकुती राहिली तर फोकस बिघडलाच.

खरी कसरत पॉवरची. मी आधी टाकाऊ तुकड्यावर एकाच वेगात, पॉवर थोडीथोडी वाढवत छोटे चौकोन काढतो. नुसता तपकिरी डाग पडला तर पॉवर कमी आहे, भोक पडलं तर जास्त. काळाभोर, मखमलीसारखा मॅट थर आला की समजा जमलं. त्याला बोट लावायचा मोह आवरा, भुकटी हाताला येते. मल्टिमीटरची टोकंही थेट टेकवू नका; दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावा, वाळू द्या, मग रेझिस्टन्स मोजा.

धूर ओढणारा पंखा चालूच हवा, झाकण बंद. आणि पीव्हीसीचा तुकडा चुकूनही आत नको, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो.

याहून बारीक रेघ हवी? या लेझरची तरंगलांबीच 10.6 मायक्रॉन, त्यामुळे मर्यादा येते. टूर यांच्याच चमूने 2020 मध्ये 405 नॅनोमीटरचा लेझर वापरून सुमारे 12 मायक्रॉनपर्यंत मजल मारली.