अंतर्गत सजावटीच्या व्यापारी प्रदर्शनाला पहिल्यांदा जाताना: कोकणातील व्यावसायिकांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ किंवा मालवण येथे हॉटेल, दवाखाना, पतसंस्थेची शाखा किंवा दुकान यांच्या अंतर्गत सजावटीची कामे करणाऱ्याला गावातील डीलरकडे जो माल असेल त्यातच बहुतेक वेळा भागवावे लागते. या क्षेत्रातील अनेक मोठी प्रदर्शने मुंबईत भरतात आणि गोरेगाव पूर्वेचे बॉम्बे एक्झिबिशन सेंटर, ज्याला सर्वजण नेस्को म्हणतात, हे त्यांचे एक प्रमुख ठिकाण आहे. तेथे माल बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी थेट बोलता येते. माझ्या मते जाण्याचा खरा लाभ हाच असून नवीन रंग आणि डिझाइन पाहणे त्यानंतर येते.

प्रदर्शनाची तयारी घरी बसूनच करावी लागते. हाती असलेली किंवा येत्या वर्षात येऊ शकणारी दोन-तीन कामे निवडून त्यांची मापे, खोल्यांचे फोटो आणि लागणाऱ्या वस्तूंची अंदाजे संख्या एका वहीत लिहून घ्यावी. "बिजागऱ्या पाहायच्या आहेत" असे सांगणाऱ्याला कॅटलॉग मिळतो, तर "समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या बावीस खोल्यांच्या लॉजसाठी कपाटाच्या बिजागऱ्या हव्या आहेत" असे सांगणाऱ्याला कंपनीचा जाणकार माणूस खुर्ची देऊन बसवतो. नावनोंदणी संकेतस्थळावर आधीच करून ठेवावी, म्हणजे प्रवेशाच्या बॅजसाठी रांगेत वेळ जात नाही. काही प्रदर्शनांत पहिले दिवस केवळ व्यावसायिकांसाठी राखलेले असतात. तशी सोय असल्यास त्याच दिवशी जावे. शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉलवाल्यांचे लक्ष आवराआवरीकडे लागलेले असते.

रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने निघाल्यास सकाळी दादर गाठता येते आणि तेथून पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने राम मंदिर स्थानकावर उतरल्यास नेस्को जवळ पडते. परंतु रात्रभराच्या प्रवासानंतर सामानासकट थेट सभागृहात शिरू नये. दिवसभर काँक्रीटच्या फरशीवर चालायचे असते, त्यामुळे बॅग मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून, आंघोळ आणि नाश्ता उरकून, सवयीच्या बुटांत जावे. सोबत व्हिजिटिंग कार्डे, मेजरिंग टेप आणि एक लहान लोहचुंबक असावा.

आत गेल्यावर पहिला तासभर कोठेही न थांबता सर्व दालनांतून एक फेरी मारावी आणि ज्या स्टॉलवर परत यायचे आहे त्यांचे क्रमांक टिपून ठेवावेत. त्यानंतर खरे काम सुरू होते.

कोकणातून गेलेल्या माणसाने प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: खाऱ्या हवेत तिचे काय होते, आणि चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणात तिचे काय होते? वातानुकूलित दालनात चमकणारी मूठ किनाऱ्यावर तशीच राहील असे नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात एका पुरवठादाराने "स्टेनलेस आहे" एवढेच सांगून दिलेल्या मुठींवर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके आले आणि त्या सर्व बदलून द्याव्या लागल्या. तेव्हापासून मी ग्रेड, म्हणजे स्टीलचा नेमका प्रकार, विचारतो. ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ ग्रेड खाऱ्या हवेत अधिक टिकते, कारण तिच्यात गंजाला विरोध करणारा मॉलिब्डेनम हा धातू असतो. लोहचुंबकाने साधे लोखंड ओळखता येते. ३०४ आणि ३१६ यांतील फरक मात्र त्याने कळत नाही, म्हणून त्यासाठी चाचणीचे प्रमाणपत्रच मागावे. बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलवरील लेप मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत किती तास टिकला, हेही विचारावे. त्या तासांवरून वर्षांचा हिशेब मांडता येत नाही, पण एकाच प्रकारच्या चाचणीतील दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना नक्की करता येते.

प्लायवुडच्या स्टॉलवर "वॉटरप्रूफ" या शब्दावर थांबू नये. मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारे प्लायवुड, यासाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे आणि त्यातील चिकटपणाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला जातो. फळीवर छापलेला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तेथेच उभे राहून तपासता येतो, आणि असे तपासण्याचा चांगल्या विक्रेत्याला राग येत नाही. हॉटेल किंवा सभागृहाचे काम असेल तर आग सहज न धरणाऱ्या प्लायसाठीचे आयएस ५५०९ हे मानकही विचारावे. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून बनवलेल्या फळीवर, केलेले कोरीवकाम दिसायला सुरेख असते. तथापि ज्या भिंतीला पावसात ओल येते, विशेषतः जुन्या चिऱ्याच्या बांधकामात, तेथे ते वापरण्याचा सल्ला मी देणार नाही.

दराची चर्चा वस्तू पसंत पडल्यानंतर करावी. किमान किती नग घ्यावे लागतील, माल किती दिवसांत निघेल, वाहतूक आणि पॅकिंग दरात धरले आहे काय, वाटेत फुटलेल्या मालाची भरपाई कोण करील आणि आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचा डीलर कोण आहे, हे सर्व लेखी मागून घ्यावे. दोन वर्षांनी एखादी मूठ मोडली तर तीच मूठ पुन्हा मिळेल का, हा प्रश्न हॉटेलच्या कामात फार महत्त्वाचा असतो. प्रदर्शनापुरती म्हणून दिलेली सवलत कितीही आकर्षक वाटली तरी त्याच दिवशी आगाऊ रक्कम देऊ नये.

प्रत्येक स्टॉलवरून निघताना मिळालेल्या कार्डाच्या मागे काय बोलणे झाले ते दोन ओळींत लिहावे आणि फोटो काढताना स्टॉलची पाटी आधी टिपावी. जाड कॅटलॉग गोळा करण्यापेक्षा लहान नमुने मागावेत. घरी आल्यावर आठवडाभरात ज्यांच्याशी खरोखर व्यवहार होऊ शकतो अशा पाच-सहा जणांना फोन करावा. नमुन्यांवर मात्र तारीख घालून ते समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत टांगून ठेवावेत आणि गणपतीच्या सुमारास उतरवून पाहावेत. मोठ्या कामाचा माल मी त्यानंतरच मागवतो.